बुडीत खातं

'हॅपी गुड फ्रायडे! एन्जॉय द लाँग वीकएंड!'

2024 चा मार्च, गुरुवारची दुपार. एचआरच्या मेलमध्ये एक ससा होता, टोपलीभर रंगीत अंडी होती आणि ढिगाने उद्गारचिन्हं. मी सवयीने वाचल्यासारखं केलं आणि पुढच्या मेलवर गेले. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतून आवाज आला, "हॅपी? अगं, त्या दिवशी त्याला खिळे ठोकून मारलंय!"

शेजारच्या खुर्चीत आमची 'वसई' बसते. खरं नाव वेगळं, पण रोज पहाटे वसईहून लोकल पकडून सगळ्यांच्या आधी पोचते म्हणून ऑफिसने ठेवलेलं हे नाव. घरी कादोडी बोलते, ऑफिसात मराठी आणि सिस्टिम हँग झाली की इंग्रजी. एचआरवर ती रागावली नव्हती, हसतच होती. पण मला जरा ओशाळल्यासारखं झालं. पाच वर्षं शेजारी बसून मला तरी काय माहीत होतं? गुड फ्रायडे म्हणजे अलिबागची हॉटेलं फुल्ल, आणि ईस्टर म्हणजे बेकरीच्या काचेमागची मार्झिपॅनची अंडी. बस्स!

"मग काय म्हणायचं असतं त्या दिवशी?" कँटीनमध्ये विचारलं.

"काही नाही. गप्प बसायचं."

तिचा उपवासकाळ चालू होता. चाळीस दिवस मटण-चिकन बंद, त्यामुळे डब्यात भाकरी आणि मेथी. भाकरी मोडत मोडत तिने जे सांगितलं, ते मी आजवर ऐकलेलं ईस्टरचं सगळ्यात सोपं वर्णन. गुरुवारी संध्याकाळी चर्चमध्ये फादर लोकांचे पाय धुतात, कारण येशूने शेवटच्या जेवणाच्या वेळी आपल्या शिष्यांचे धुतले होते. (गुरूने शिष्यांचे! आपल्याकडे उलटं असतं.) त्या रात्रीपासून चर्चची घंटा मुकी. शुक्रवारी वधस्तंभाची प्रार्थना. शनिवारी रात्री सगळे दिवे मालवतात, बाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावर एक मोठी मेणबत्ती, आणि तिच्यावरून एकेकाच्या हातातली. घंटा पुन्हा वाजते. मेलेला येशू तिसऱ्या दिवशी उठला, मरणाचं काही चाललं नाही, ही ख्रिस्ती माणसाची श्रद्धा. नाताळपेक्षाही हा सण मोठा. माणसाचं आणि देवाचं बिनसलेलं नातं त्या वधस्तंभावर जुळलं, असं ते मानतात.

"पण मला खरं आवडतं ते त्याच्या पुढचं," वसई म्हणाली. "समज, तुला तुझ्या लोकांनी दगा दिला, तू मेलीस आणि तीन दिवसांनी परत आलीस. पहिल्यांदा कुणाकडे जाशील?"

"ज्यांनी मारलं त्यांच्याकडे," मी ताडकन म्हटलं. "तोंड बघायला!"

"तो नाही गेला. पिलाताकडे नाही, पुरोहितांकडे नाही. जे ऐनवेळी पळून गेले होते त्यांच्याकडे गेला."

त्यातला पेत्र तर खासच. जिवाला जीव देईन म्हणणारा. अटकेच्या रात्री अंगणात कोळशाच्या शेकोटीपाशी उभा होता. लोकांनी तीनदा विचारलं, तू त्याच्यातलाच ना? तीनदा म्हणाला, छे, मी ओळखतही नाही. मग कोंबडा आरवला आणि हा बाहेर जाऊन ढसाढसा रडला. पुढे सगळं घडून गेल्यावर हे सगळे परत आपल्या जुन्या धंद्यावर, मासेमारीला. रात्रभर जाळं टाकून हाती काही नाही. पहाटे किनाऱ्यावर कुणीतरी उभं. खाली उतरून बघतात तर कोळसे पेटवलेले, त्यावर मासे आणि भाकर. उठून आलेला येशू न्याहारी करत बसलाय! आधी खायला घातलं. 'त्या रात्री तू असं का म्हणालास' हा प्रश्न नाहीच. खाणं झाल्यावर पेत्राला फक्त एवढंच विचारलं, माझ्यावर प्रेम आहे का? तेही तीनदा. जितक्यांदा नाकारलं तितक्यांदा.

"आणि हो," डबा बंद करता करता ती म्हणाली, "उठला तरी हाताच्या जखमा तशाच होत्या. पुसल्या नव्हत्या."

मी कोकणातली. माणसाला धरून आणून सुनवायचं सोडून मासे भाजून घालायचे, ही गोष्ट डोक्यातून जाईना.

त्यात माझा धंदा वसुलीचा. मी एका बँकेत कर्जवसुली विभागात आहे. म्हणजे जो फोन आला की तुमचं तोंड कडू होतं, तो करणाऱ्या मुलांच्या वरची मॅडम. आमच्याकडे 'माफ' हा शब्द फार जपून वापरतात. हप्ता 90 दिवसांच्या वर थकला की कर्ज एनपीए. पुढे येण्याची आशाच संपली की बँक ते राइट-ऑफ करते. पेपरात तशी बातमी आली की लोक चिडतात, बघा, बड्यांची कर्जं माफ केली! तसं नसतं हो. राइट-ऑफ म्हणजे ती रक्कम ताळेबंदातून काढायची, वह्या स्वच्छ दिसाव्यात म्हणून. कर्जदार काही सुटत नाही. खातं 'बुडीत' या कप्प्यात जातं आणि तगादा चालूच राहतो. माफी म्हणजे वेगळं प्रकरण. माफीत बँक आपला दावाच सोडते. आमच्या विभागात हा फरक ज्याला कळत नाही त्याचं प्रमोशन होत नाही!

वसईला मी हे सांगितलं तर ती खूश. म्हणाली, येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत मराठी बायबलमध्ये 'ऋण' असा शब्द आहे. आम्ही दुसऱ्यांचं सोडतो तसं तू आमचं सोड, असा एकूण अर्थ. शिवाय एक गोष्ट खास तुमच्या डिपार्टमेंटची. पेत्रानेच विचारलं होतं, भावाला किती वेळा माफ करायचं, सात वेळा? उत्तर मिळालं, सातच्या सत्तरपट. आणि वर ही गोष्ट. एका राजाने नोकराचं दहा हजार तालांतांचं कर्ज पूर्ण सोडलं. तो नोकर बाहेर पडला, वाटेत त्याला शंभर दिनार देणं असलेला सोबती भेटला, आणि याने त्याचा गळा धरला. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एका तालांताचे दिनार सहा हजारांच्या आसपास. मी मोबाइलवर गणित केलं. सोडलेलं कर्ज मागितलेल्याच्या सहा लाख पट!

हसले. पण त्या दिवशी संध्याकाळी मला बस पकडायची होती, पालीची. आणि तिथे माझं एक बुडीत खातं होतं.

पाली म्हणजे रत्नागिरीची. रायगडातली, अष्टविनायकाची नव्हे. हे मला आयुष्यभर सांगावं लागलंय. मुंबई-गोवा हायवेवर हातखंबा मागे पडला की आमची पाली. इथूनच नाणीज-साखरप्यावरून आंबा घाटाकडे, कोल्हापूरला रस्ता फुटतो. तिथे आमचं घर, थोडी कलमं, थोडे काजू. बाबा थोरले, नोकरीसाठी मुंबईत. धाकटा काका गावात. सातबाऱ्यावर दोघांचीही नावं. कोकणातल्या वाचकांना पुढचं सांगायला नकोच.

2017 साली बाबा आजारी पडले. हॉस्पिटलचं बिल रोज वाढत होतं. बाबांनी काकाला फोन करून सांगितलं, यंदाच्या आंब्यातले माझ्या वाट्याचे पैसे पाठव. काका म्हणाला, बघतो. पैसे आले नाहीत. फोनही नाही. बाबा गेले. त्यानंतर काकाचं नाव मी घरात काढलं नाही. कुणी विचारलं तर सांगायचे, "सोडून दिलंय मी ते. माझ्या मनात काही नाही." ऑफिसच्या भाषेत बोलायचं तर वही स्वच्छ. आणि दर वर्षी मे महिन्यात हापूसची पेटी दिसली की तगादा सुरू.

सात वर्षं मी गावाला गेले नव्हते. यंदा आईनेच हट्ट धरला. शिमग्याची पालखी घरोघर फिरत होती, शनिवारी आमच्या वाडीत येणार होती. "पालखी दारात येणार आणि थोरल्यांचं कुणी नाही? तू येतेस की मी एकटी एसटीने जाऊ?" मार्चएंडला वसुलीतल्या माणसाने मुंबई सोडायची म्हणजे केटररने लग्नाच्या दिवशी रजा मागण्यासारखं! लॅपटॉप बरोबर ठेवण्याच्या अटीवर सुटका झाली.

ईस्टर चंद्रावर ठरतो, हेही मला वसईकडूनच कळलं. 21 मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा, तिच्या पुढचा रविवार. त्या वर्षी ती पौर्णिमा नेमकी आपली होळीची निघाली. म्हणून शिमगा आणि ईस्टर एकाच आठवड्यात. ईस्टर 31 मार्चला, म्हणजे आमच्या वह्या बंद व्हायच्या दिवशी.

निघताना वसईने आणखी एक काम लावून दिलं. "बसमध्ये झोपू नकोस. तुमच्या रत्नागिरीचे टिळक वाच."

"लोकमान्य?"

"नाही गं. दुसरे!"

दुसरे म्हणजे नारायण वामन टिळक. रेव्हरंड टिळक. शाळेत त्यांच्या कविता होत्या, पण ते आमच्याच जिल्ह्यातले, दापोलीजवळच्या करजगावचे, हे मला माहीत नव्हतं. जन्म 1861. आणि वसईने वाचायला सांगितलेलं पुस्तक त्यांचं नव्हतंच, त्यांच्या बायकोचं होतं. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. आठवीत एक धडा होता, त्यावर संदर्भासह स्पष्टीकरण लिहून मी ते पुस्तक कायमचं मिटलं होतं. या वेळी मोबाइलवर उघडलं ते पनवेलपासून चौपदरीकरणाचे खड्डे खात खात वाचतच राहिले. आई शेजारी झोपलेली आणि मी अंधारात फिदीफिदी हसतेय!

ही बाई 1868 ची, नाशिकजवळच्या जलालपूरची. वडील इतके सोवळे की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात घ्यायचे नाहीत. अकराव्या-बाराव्या वर्षी लग्न. नवरा कवी, हुशार, मायाळू, रागीट आणि पायाला भिंगरी लागलेला. केव्हा नोकरी सोडेल, केव्हा न सांगता गावाला जाईल, खिशातले पैसे कुणाला देऊन येईल, नेम नाही. 1893 साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्याच्या हातात बायबल दिलं. 10 फेब्रुवारी 1895 ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

बायकोचं काय, हा प्रश्न त्यांनी सोडवून मग घेतला नाही. आधी घेतला.

आज आपण म्हणू, ज्याचा त्याचा विश्वास. खरं आहे, आणि त्यांच्या श्रद्धेबद्दल माझी तक्रार नाही. पण 1895 मधल्या एका ब्राह्मण बाईचा विचार करा. नवरा जिवंत, पण त्याच्या हातचं पाणी चालत नाही. कडेवर लहानगा दत्तू. माहेरचे, सासरचे, गल्लीतले, सगळे बघायला येतात. काही वर्षं ती नातेवाइकांच्या आधाराने राहिली, पंढरपूरला राहिली, आजारी पडली, रडली, भांडली. टिळक पत्रं लिहीत राहिले. शेवटी ती त्यांच्याकडे गेली; पण आपलं सोवळं गाठोड्यात बांधूनच. जातपात तिच्या मनातून गळून पडायला वेळ लागला, आणि 1900 साली तिने स्वतः बाप्तिस्मा घेतला. तोही नवऱ्यासाठी नव्हे, स्वतःला पटलं तेव्हा.

भरणे नाक्याला बस चहाला थांबली. रात्रीचे अडीच. खेडहून इथेच उजवीकडे दापोलीचा रस्ता जातो. कटिंग हातात घेऊन मी त्या अंधाराकडे बघत उभी राहिले. करजगाव त्याच बाजूला कुठेतरी असणार.

एक सांगते. लक्ष्मीबाईंना 'सोशिक पत्नी' म्हणून फ्रेममध्ये लावणाऱ्यांचा मला राग येतो. त्या सोशिक अजिबात नाहीत. पुस्तकभर त्या टिळकांच्या चुका सांगतात. विसरलेली एकही नाही, सगळी यादी तारीखवार! टिळकांचा राग, त्यांचा विसराळूपणा, न सांगता जाणं, सगळं आहे. फक्त त्यात तगादा नाही. वसुलीचा सूर नाही. वाचणाऱ्याला हसू येतं आणि कळतं की हिचं काहीच विसरून झालेलं नाही, आणि हिचं देणं मात्र हिने सोडलेलं आहे. हे दोन्ही एकाच वेळी असू शकतं, हे मला त्या चहाच्या टपरीवर पहिल्यांदा सुचलं. वसई म्हणाली होती ना, उठला तरी जखमा तशाच होत्या.

पुढचं तर कमालच आहे. टिळक 1919 साली गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन', येशूच्या चरित्राचं मराठी महाकाव्य, अपुरं राहिलं होतं. सुरुवातीचे दहा-अकरा अध्याय त्यांचे. उरलेले साठाहून जास्त अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेत न गेलेल्या बाईने. ज्या देवापायी आपलं घर मोडलं, त्या देवाची गोष्ट पुरी करायला ती बसली.

आता कुणी म्हणेल, म्हणजे बायकांनी सोसत राहायचं? मुळीच नाही. मार खाणाऱ्या बाईला 'माफ कर आणि नांद' असं सांगणारा माणूस स्वतःच्या खिशातून काहीही सोडत नसतो. तो दुसऱ्याच्या खात्यावर दानशूर होत असतो. माफी आणि शिक्षा यांचीही आपण उगाच गल्लत करतो. जानेवारी 1999 मध्ये ओरिसातल्या मनोहरपूरला ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं गाडीत झोपलेली असताना जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना माफ केल्याचं सांगितलं. त्या लगेच ऑस्ट्रेलियालाही परतल्या नाहीत, बारीपाद्याला कुष्ठरुग्णांचं काम बघत राहिल्या. पण म्हणून खटला थांबला नाही. मुख्य आरोपीला जन्मठेप झाली, 2011 साली सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. कोर्टाचं काम कोर्टाने केलं. ग्लॅडिसबाईंनी फक्त स्वतःच्या मनातला दावा काढून घेतला. तेवढाच त्यांच्या हातात होता.

आणि माझ्या हातात? शुक्रवारी सकाळी पालीला उतरलो तर काका स्टँडवर उभा. आईच्या हातातली बॅग त्याने घेतली. माझी घ्यायला हात पुढे केला, मी म्हटलं, "असू दे." तो दिवस तसाच गेला. गुड फ्रायडेला गप्प बसायचं असतं, ते मी अगदी पाळलं!

शनिवारी दुपारी ढोल-ताशे वाडीच्या खालच्या अंगाला ऐकू आले. काकाने पहाटेच अंगण सारवलं होतं. पालखी आली, नाचली, अंगणात टेकली. मग गाऱ्हाणं.

ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी. कोकणात देवापुढे घराच्या वतीने जे मागणं घालतात त्याला गाऱ्हाणं म्हणतात. गंमत बघा, शहरात गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. गावात तेच मागणं, तीच तक्रार आणि तीच कबुली. मानकरी हात जोडून मोठ्याने बोलत जातो आणि दर वाक्याला सगळ्यांनी ओरडायचं, 'होय महाराजा!' मुलाबाळांना सुखी ठेव, होय महाराजा. मुंबईला गेलेल्यांना बरकत दे, होय महाराजा. शेवटी नेहमीचं एक येतंच, लेकरांच्या हातून काही चुकलं-माकलं असेल तर पदरात घे.

आणि इथे माझा आवाज फुटेना. कारण मी तुम्हालाही एक गोष्ट सांगितलेली नाही.

बाबांच्या दहाव्याला काका मुंबईला आला होता. रात्रभर एसटीने. दार मीच उघडलं. त्याच्या हातात एक कापडी पिशवी होती. मी म्हटलं, "आता काय घेऊन आलास? संपलं सगळं." आणि दार लावलं. आई आत होती, तिला कळलंही नाही. तो थोडा वेळ जिन्यात उभा असावा. पायांचा आवाज बऱ्याच उशिराने गेला. पिशवीत काय होतं ते मी तेव्हा विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

2021 मध्ये काकू गेली. आम्ही गेलो नाही. लॉकडाऊनचं कारण होतं. सोयीचं कारण होतं.

मी सात वर्षं काकाचं खातं सांभाळत बसले होते, आणि त्याच्याकडे माझं खातं असेल हे माझ्या सिस्टिमला कधी दिसलंच नव्हतं. शंभर दिनार कुणाचे आणि तालांत कुणाचे, हे अंगणात उभं राहून मोजायला गेले तर मोबाइलचा कॅलक्युलेटर कामाचा नाही.

दर 'होय महाराजा'ला माझ्या डाव्या बाजूने काकाचा जाडा आवाज येत होता. शेवटच्याला मीही ओरडले. जरा उशिरा, म्हणून एकटीचा ऐकू आला. पोरं हसली.

रविवारी पहाटे धुराने जाग आली. ऑफिसच्या ग्रुपवर वसईचा रात्री दोनचा मेसेज होता: अंधारात पेटवलेल्या शेकडो मेणबत्त्यांचा फोटो, आणि खाली 'आता म्हणा हॅपी!' त्याखाली बॉसचा, 'क्लोजिंगचे आकडे 10 पर्यंत.' मी लॅपटॉप न उघडता मागच्या पडवीत गेले.

काका चुलीपाशी बसला होता. चुलीवर बिडाचा तवा, शेजारी तांदळाच्या पिठाचं पातेलं. काकू गेल्यापासून तोच करतो, आई म्हणाली होती. मला बघून त्याने पाट सरकवला. काही न बोलता पहिलं घावन ताटलीत घातलं, कडेला नारळाचा गोड रस. जाळीदार झालं होतं. मी खाल्लं.

"बाय, आणखी एक घालू?"

मी मान हलवली. दुसरं आलं. खाताना त्याच्या हातांकडे बघत होते. बाबांचेच हात. फक्त नखांत चीक आणि कोयतीच्या जुन्या खुणा.

"आणखी एक?"

तेही खाल्लं. बाहेर कुणाचा तरी कोंबडा मघापासून ओरडत होता. चुलीतलं लाकूड त्याने आत सरकवलं आणि तवा पुसला.

"काका," मी म्हटलं, "काकू गेली तेव्हा मी यायला हवं होतं. आणि त्या दिवशी दार..."

त्याने पळी पिठात बुडवली. वर बघितलं नाही. कांद्याच्या अर्धुकाने तव्यावर तेल फिरवत राहिला, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ.

"आणखी एक घालू?"

"घाल," मी म्हटलं.